बारा वॅटचा फरक

देवऱ्यांना कोणी ‘कसे आहात?’ असं विचारलं, की ते विचारणाऱ्याकडे दोन क्षण रोखून बघत आणि म्हणत, ‘कशाच्या तुलनेत?’

यात खवचटपणा मुळीच नव्हता. बरा म्हणजे कालच्यापेक्षा बरा, शेजाऱ्यापेक्षा बरा, की दहा वर्षांपूर्वीच्या स्वतःपेक्षा, हे ठरल्याशिवाय नुसतं ‘बरा आहे’ म्हणणं त्यांना खोटं बोलल्यासारखं वाटे. परिणाम एवढाच झाला, की सातपूरच्या आमच्या कॉलनीत हळूहळू त्यांना कोणी काही विचारेनासं झालं. समोरून देवरे दिसले की लोक लांबूनच हात वर करायचे आणि पाय उचलायचे. मला ती सोय नव्हती. आमचं आणि त्यांचं दार समोरासमोर. शिवाय मी शाळामास्तर, तोही भूगोलाचा. प्रश्न विचारणं आणि उत्तर येत असेल तर ते कोणी न विचारता सांगून टाकणं, ही माझी जन्माची खोड.

देवरे मूळचे सटाण्याकडचे. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं ते ‘स्टँडर्ड रूम’मध्ये होते. कारखान्यातली मोजायची म्हणून जेवढी साधनं, तेवढी सगळी तपासायला त्या खोलीत येत आणि देवरे त्यांना पास किंवा नापास करत. त्या खोलीचं तापमान बारा महिने एकच. बाहेर मे महिन्यात डांबर वितळत असायचं आणि देवरे आत अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घालून बसायचे. मीही वर्षाला दोनशे पोरं तपासायचो, पण नापास करताना माझं मन खायचं. देवऱ्यांचं नाही. एकदा मोठ्या साहेबांच्या टेबलावरची फूटपट्टी त्यांनी नापास करून परत पाठवली होती.

त्या खोलीतून ते दोन वाक्यं घरी घेऊन आले. एक, ‘आधी शून्य बघा.’ दुसरं, ‘एका वेळी एकच बदल.’

पहिल्या वाक्याचा त्रास भाजीबाजाराला व्हायचा. देवरे वांग्यांकडे बघतसुद्धा नसत. ‘मावशी, आधी रिकामा तराजू दाखवा.’ एकदा एक म्हातारी वैतागून म्हणाली, ‘दादा, तुला वांगी घ्यायची हायेत का तराजू?’ देवरे शांतपणे म्हणाले, ‘वांगी तुमची चांगलीच आहेत. तराजूचं बोलतोय मी.’ दुसऱ्या वाक्याचा त्रास देवरे वहिनींना. एकदा त्यांनी एकाच दिवशी चहाची पावडर बदलली आणि दूधवालाही बदलला. देवऱ्यांनी घोट घेऊन कप खाली ठेवला. ‘चहा बिघडलाय. पण कशाने बिघडला हे आता कधीच कळणार नाही,’ ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुःख होतं.

वहिनी अगदी उलट. बोलायला बसल्या की सटाण्याच्या कांद्यापासून निघून कॉलनीतल्या तिसऱ्या बिल्डिंगमधल्या साखरपुड्यापर्यंत एका दमात पोचायच्या. नवऱ्याच्या वाट्याचं बोलणंही देवाने त्यांनाच देऊन टाकलं असावं.

या दोघांची एकुलती एक मुलगी वैशाली. ती सायकलच्या शर्यतींत उतरायची, आणि उगाच उतरायची नाही, जिंकायचीही. शाळेत असल्यापासून रोज पहाटे ती त्र्यंबक रोडला सायकल हाणत पुढे आणि मागून मोपेडवर देवरे, गळ्यात स्टॉपवॉच. बाप-लेकींत जे काही बोलणं व्हायचं ते तेवढ्यात. ‘किती?’ ‘एकोणतीस चाळीस.’ ‘काल?’ ‘एकोणतीस पन्नास.’ ‘हं.’ या ‘हं’ मध्ये सगळं आलं. पोरगी शर्यत जिंकून घरी आली की आई तिला पोटाशी धरून रडायची आणि बाप सायकलच्या चाकातली हवा बघायचा. मला तेव्हा तो माणूस कोरडा वाटायचा. स्पष्टच सांगतो, रागही यायचा.

पावसाळ्यात आमच्या पश्चिमेकडच्या रस्त्यांवर सायकल चालवायची म्हणजे हातपाय मोडून घ्यायचे. म्हणून देवऱ्यांनी घरातच एक यंत्र बनवलं. जुन्या सायकलचं मागचं चाक एका लोखंडी रुळावर टेकवलेलं. पायडल मारलं की चाक फिरणार, चाकाने रूळ, रुळाने पट्ट्यावरचा जुन्या जीपचा डायनामो. डायनामोला मोटारीचे दिवे जोडलेले, आणि समोर पाटीवर दोन मीटर. दोन्ही मीटरच्या आकड्यांचा गुणाकार केला की पायांनी किती वॅट ताकद लावली ते कळे. वैशाली जोरात मारायला लागली की हॉलमध्ये लख्ख उजेड पडायचा. वहिनी त्याला घाणा म्हणायच्या. ‘लोकांच्या घरात टीव्ही, आमच्या घरात घाणा.’

पुढे वैशालीला खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत नोकरी लागली आणि तिची नेमणूक बिलासपूरला झाली. त्याच सुमारास देवऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. म्हणजे आधी खोली गेली आणि मग मुलगी. देवऱ्यांनी यावर काय केलं? तर तंतोतंत तसाच दुसरा घाणा बनवला. तेच बेअरिंग, तोच पट्टा, त्याच मापाचा रूळ. रेल्वेच्या पार्सलने तो बिलासपूरला गेला. स्टेशनवर निरोप देताना वहिनी रडत होत्या, वैशाली रडत होती. देवरे तिला सांगत होते, ‘मागच्या चाकाच्या स्क्रूला तेल लावू नकोस.’

आणि मग त्या वर्षीच्या दिवाळीत बारा वॅट हरवले.

झालं असं, की वैशाली आठ दिवस घरी आली. देवऱ्यांनी रोज सकाळी घाणा तयार करून दिला, तिने रोज वीस मिनिटं चालवला. नाडी एकशे चाळीसवर धरून रोज एकशे बासष्ट वॅट. परत गेली, तिकडच्या घाण्यावर बसली. तीच नाडी, तेच पाय, आणि एकशे पन्नास. दुसऱ्या दिवशीही एकशे पन्नास. तिने फोन करून विचारलं, ‘बाबा, बारा वॅट कुठे गेले?’

मी त्या वेळी त्यांच्याच हॉलमध्ये पेपर वाचत होतो. देवऱ्यांचा चेहरा मला आठवतो. दुसऱ्या कुणाला लॉटरी लागल्यावर एवढा आनंद झाला नसता.

वहिनींनी कारण लगेच सांगून टाकलं, ‘घरचं खाऊन गेली ती. बारा वॅट म्हणजे माझ्या हातच्या भाकरी.’ देवऱ्यांनी ते वहीत लिहून घेतलं, कारण कुठलीही शक्यता तपासल्याशिवाय सोडायची नाही. मग वैशालीने महिनाभर बिलासपुरात भाकरी करून खाल्ल्या. एकशे पन्नास.

तेव्हापासून रविवारची रीत ठरली. वैशाली सकाळी साडेनऊला एसटीडी बूथवरून फोन करी. मागे रांग असे, त्यामुळे दहा मिनिटांच्या वर बोलता येत नसे. त्यातली नऊ मिनिटं वहिनींची. देवरे फोनशेजारच्या खुर्चीत, अंघोळ करून, केस विंचरून, हातात वही घेऊन बसलेले. शेवटच्या मिनिटाला तिकडून ‘आई, बाबांना दे’ असं ऐकू येई आणि वहिनी नाइलाजाने रिसीव्हर देत. ‘किती?’ ‘एकशे पन्नास.’ ‘हवा?’ ‘तुम्ही सांगितली तेवढीच.’ ‘ठीक. या आठवड्यात पट्टा बदल. फक्त पट्टा. बाकी कशाला हात लावू नको. एका वेळी एकच बदल.’ ‘बरं बाबा.’ संपलं.

बुधवारी संध्याकाळी माझी पाळी असे. नाशिकचा घाणा स्वतः स्थिर आहे की नाही हे बघायला देवऱ्यांना दर आठवड्याला न बदलणारे पाय हवे होते. त्यांनी माझी निवड केली. ‘सर, तुमचं वजन गेली पाच वर्षं तेवढंच आहे. तुम्ही पळत नाही, खेळत नाही, आजारी पडत नाही. तुमच्यात काही बदलच होत नाही.’ माझी अशी स्तुती आजवर कोणी केली नव्हती आणि पुढेही कोणी केली नाही. कारखान्यात ज्या मापाने बाकीची मापं तपासतात त्याला मास्टर म्हणतात, आणि तो मखमलीच्या पेटीत जपून ठेवतात. देवऱ्यांनी मलाही तसंच जपलं. आमरसाच्या दिवसांत मला दोनच वाट्या. कॉलनीच्या गणपतीत मला टेबल उचलू दिलं नाही. मी दर बुधवारी शहाण्णव वॅट देत असे. मग आम्ही चहा पीत बसत असू. देवरे वहीत लिहीत, मी बोलत असे, आणि अधूनमधून ते म्हणत, ‘हं.’

चालवायच्या आधी शून्य बघणं हा मोठा विधी होता. दिवे बंद करायचे, चाकाला ठरलेला वेग द्यायचा, पाय थांबवायचे, आणि चाक आपोआप थांबायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. बरोबर अठरा लागले पाहिजेत. कमी लागले तर रुळाचा स्क्रू सैल करायचा, जास्त लागले तर आवळायचा. अठरा झाले की शून्य जमलं, मग बसा.

असे पाच-सहा महिने गेले. पट्टा झाला, टायर झाला, दिवे झाले, मीटरच्या तारा झाल्या. बारा वॅट काही सापडेनात. कॉलनीत लोक आता मला विचारायचे, ‘काय सर, सापडले का?’ मी खांदे उडवायचो, पण आतून मला ते लागायला लागलं होतं. पोरांपुढे अख्खी पृथ्वी फिरवून दाखवणारा माणूस मी, आणि एक चाक मला दाद देत नाही म्हणजे काय?

मे महिन्यातल्या पहिल्याच रविवारी मी देवऱ्यांकडे नेहमीसारखा पेपर वाचत होतो. आतल्या पानावर तापमानाचा तक्ता होता. बिलासपूर पार वर, होरपळलेलं. आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. तापलेला टायर आणि थंड टायर. थंड टायर जड फिरतो, तापला की हलका. आणि देवरे तर शून्य बघतात सगळ्यात आधी, चाक थंड असताना. कारखान्यातल्या त्यांच्या खोलीत सगळंच कायम एका तापमानाचं, तिथे आधी आणि नंतर यात फरकच नव्हता. इथे होता.

एवढ्यात वहिनींची नऊ मिनिटं संपली. देवरे उठत होते. मला राहवलं नाही. वर्गात उत्तर येत असलेलं पोर बाकावरून उठून हात नाचवतं ना, तसा मी उठलो आणि वहिनींच्या हातातून रिसीव्हर घेतला.

‘वैशाली, मी सर बोलतोय. तू शून्य कधी बघतेस? चालवायच्या आधी की नंतर?’

‘दहा मिनिटं चालवून झाल्यावर, काका. इथले कोच म्हणतात चाक गरम झाल्याशिवाय बघायचंच नाही. का?’

‘तुझे बाबा आधी बघतात. थंड चाकावर अठरा सेकंद जुळवतात. मग चाक तापतं, हलकं होतं, आणि आकडा फुगतो. तुझे बारा वॅट हरवलेले नाहीत गं. ते नाशिकला कधी नव्हतेच.’

तिकडे ती हसायला लागली. पुढच्या रविवारी तिने थंड चाकावर शून्य लावून बघितलं. एकशे बासष्ट. कोडं सुटलं.

मी कॉलनीत पेढे वाटले. माझ्याच पैशांनी, कारण आनंद माझाच जास्त होता. देवऱ्यांनी एक पेढा घेतला, अर्धा खाल्ला, अर्धा बशीत ठेवला. ‘बरोबर आहे तुमचं, सर,’ एवढंच म्हणाले. मला वाटलं, अठ्ठावीस वर्षांच्या तपासनिसाची चूक भूगोलाच्या मास्तरने काढली, लागणारच मनाला. आणि खोटं कशाला बोलू, ते मला जरा आवडलंही.

त्यानंतरच्या रविवारी साडेनऊला फोन वाजला. वहिनी बोलल्या. लोणच्याच्या कैऱ्या, कुणाचं बाळंतपण, बिलासपूरची पाण्याची बोंब. देवरे केस विंचरून शेजारी बसलेले. दहा मिनिटं झाली. वहिनींनी रिसीव्हर जागेवर ठेवला आणि म्हणाल्या, ‘मागे रांग होती म्हणे. तुम्हाला नमस्कार सांगितलाय.’

‘हं,’ देवरे म्हणाले.

त्याच्या पुढच्या रविवारी तसंच. त्याच्या पुढच्याही. पोरीचा काही दोष नव्हता. आईशी बोलायला तिला कारण लागत नसे. बापाशी बोलायला दोघांनाही आजवर आकडाच लागला होता, आणि आकडा आता जुळला होता. चौथ्या रविवारी मी गेलो तेव्हा घाण्यावर जुनी चादर टाकलेली होती. देवरे खुर्चीत बसले होते, पण केस विंचरलेले नव्हते. मला बघून म्हणाले, ‘बुधवारी येऊ नका आता. गरज नाही.’ मग थोड्या वेळाने म्हणाले, ‘चहाला या हवं तर.’

वहिनी मंगळवारच्या बाजाराला गेल्या होत्या तेव्हाची गोष्ट. मी असाच त्यांच्याकडे डोकावलो. देवरे चहा टाकायला आत गेले. वही टीपॉयवर पडली होती. मला माझी मोठेपणाची खाज गप्प बसू देईना. माझ्या त्या पराक्रमाची नोंद देवऱ्यांनी कशी केलीय ते मला बघायचं होतं. मी वही उघडली. क्रमांक, हवा, शून्य, वॅट, शेरा असे रकाने आखलेले. अक्षर कोरल्यासारखं. शेवटची नोंद क्रमांक सत्तावन्न. शेऱ्यात लिहिलं होतं, ‘फरक नाही. सर बोलले.’

एवढंच? मी चिडून मागची पानं उलटली. आणि क्रमांक बावीसवर थांबलो. जानेवारीतला बुधवार होता तो.

‘शून्य गरम चाकावर घेतले. सरांचे पाय, शहाण्णवऐवजी चौऱ्याऐंशी. फरक बारा. कारण सापडले. कळवू नये.’

मी ते पुन्हा वाचलं. त्या बुधवारी मी चौऱ्याऐंशी वॅट दिले होते, मला सांगितलंसुद्धा नव्हतं. मला आठवलं ते इतकंच, की त्या दिवशी देवऱ्यांनी मला दुसरा कप चहा आग्रहाने पाजला होता. म्हणजे जानेवारीतच या माणसाला उत्तर मिळालं होतं. त्यानंतरचा तो पट्टा, ते दिवे, त्या तारा, एका वेळी एकच बदल, दर रविवारी एक, हे सगळं उत्तर माहीत असताना चाललं होतं. जन्मात कधी खोटा आकडा न लिहिलेल्या माणसाने रविवारच्या एका मिनिटासाठी खरा आकडा लपवून ठेवला होता. आणि मी मधेच उठून तो सांगून टाकला. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आतून कपबशांचा आवाज आला. मी वही होती तशी ठेवली. चहा प्यायलो. काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक काहीच नाही, कारण देवऱ्यांनी विचारलं, ‘सर, बरं नाही का?’

घरी जाऊन मी वैशालीला अंतर्देशीय पत्र लिहिलं. तीन वेळा लिहिलं. पहिल्या दोन्हींत मी तिला उपदेश केला होता, म्हणून फाडली. तिसऱ्यात फक्त क्रमांक बावीसची नोंद उतरवून काढली, तिची तारीख लिहिली, आणि खाली लिहिलं, ‘चूक माझी आहे. बघ तुला काय वाटतं ते.’

दोन रविवार काहीच झालं नाही. तिसऱ्या रविवारी मी पेपर घेऊन गेलो. फोन वाजला, वहिनींनी घेतला. पण या खेपेला त्या दोन-तीन वाक्यं बोलल्या आणि एकदम थांबल्या. ‘काय व्हयनं?’ असं त्यांनी विचारलं. सटाण्याकडची अहिराणी त्यांच्या तोंडून घाबरल्या की बाहेर पडे. मग रिसीव्हर कानापासून दूर धरून त्या देवऱ्यांकडे बघत राहिल्या.

‘तुम्हाला मागतेय. आधी बाबांना दे म्हणते.’

‘रीडिंग आहे का काही?’ देवऱ्यांनी विचारलं.

‘नाही म्हणते. नुसतंच.’

देवरे उठले. रिसीव्हर घेतला, कानाला लावला. ‘हॅलो,’ म्हणाले. मग थांबले. ‘हो. आहे. हो.’ पुन्हा थांबले. तिकडे ती काहीतरी म्हणाली असावी, कारण ते हळूच म्हणाले, ‘कळलं का तुला.’ त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. साठीला आलेला तो माणूस स्वतःच्या पोरीशी काय बोलावं हे न कळून भिंतीकडे बघत उभा होता, आणि मला ते बघवेना. वहिनींनाही बघवेना. त्यांनी तोंड उघडलं. मी त्यांना हाताने थांबवलं. मी कुणाला बोलताना थांबवायची ती पहिलीच वेळ.

मग देवऱ्यांनी रिसीव्हरवर तळहात ठेवला आणि मला म्हणाले, ‘सर, ती वही द्या जरा.’

मी दिली. त्यांनी चष्मा लावला, पहिलं पान उघडलं, आणि बोट खाली सरकवत नेलं.

‘क्रमांक पाच,’ ते वाचायला लागले. ‘शेरा. मुलीला खोकला.’ मग वही थोडी खाली धरून, जी अहिराणी मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकली नव्हती त्या अहिराणीत त्यांनी विचारलं, ‘गया का तो खोकला?’

खोकला नोव्हेंबरातला होता. आता जून संपत आला होता. तिकडून काय उत्तर आलं कोण जाणे. देवऱ्यांनी मान हलवली, पेन काढलं आणि त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली.

‘क्रमांक सतरा. मागून कोणीतरी रागाने बोलले. तुनावर कोन वरडना व्हता, बेटा?’

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात टेकून उभ्या राहिल्या. पदर तोंडाला लावला होता. आठ महिने शेजारी बसून नुसतं ऐकणाऱ्या त्या माणसाने रविवारच्या त्या एका मिनिटात किती काय ऐकलं होतं, आणि विचारायला कारण नाही म्हणून लिहून ठेवलं होतं. एकेक खूण होत गेली. आवाज बसला होता त्याची, नवीन चपलेची, ती कारण न सांगता हसली होती त्याची. मग देवऱ्यांचं बोट एका ओळीवर आलं आणि थांबलं. त्यांनी पाठीमागे हात नेऊन खुर्ची ओढली आणि बसले.

‘क्रमांक एकोणतीस,’ ते म्हणाले. ‘फेब्रुवारी. मी ईचारं कसं चाललंय. तू काही नही म्हननी. दोनदा म्हननी. काय व्हतं ते?’

या वेळी उत्तर आलं ते लांबलचक होतं. देवरे वही मिटून, डोळे मिटून ऐकत होते. ते काय होतं ते मला आजही माहीत नाही. मी पेपरची घडी घातली, चपला घातल्या, आणि दार हळूच ओढून घेऊन माझ्या घरी आलो.